साळूकाकीचा गॉगल

माझ्या कॉम्प्युटरवर 'गॉगल' नावाचं एक फोल्डर आहे. त्यात त्रेचाळीस गॉगल आहेत. गोल, चौकोनी, पोलिसी, निळ्या काचेचा, सोनेरी दांडीचा, साऊथच्या हिरोचा, साऊथच्या व्हिलनचा. नेवासा तालुक्यातल्या निम्म्या पुढाऱ्यांच्या डोळ्यांवर फ्लेक्समध्ये जे गॉगल दिसतात, ते माझ्या फोल्डरमधून गेलेले आहेत. माणूस दुकानात येतो, मोबाईलमधला फोटो दाखवतो. फोटोत डोळ्यांखाली काळी वर्तुळं, कपाळावर घाम, मागे म्हशीचं शेपूट. म्हणतो, "मॅडम, जरा रुबाब येऊ द्या." मी शेपूट कापते, मागे ढग आणि एखादा वाघ टाकते, अंगात कडक पांढरा शर्ट घालते आणि शेवटी फोल्डर उघडून विचारते, "कुठला देऊ?" एवढा दांडगा गडी, पण गॉगल निवडताना बांगड्या भरायला बसलेल्या पोरीसारखा लाजतो.

मी निकिता. नेवाशात स्टँडजवळ माझं फ्लेक्स डिझाईनचं दुकान आहे. छपाई नगरला होते, फाईल पाठवली की दुसऱ्या दिवशी टेम्पोतून रोल येतो. राहायला मी बोरसरवाडीला, स्कूटीवर वीस मिनिटं. तोंडानं फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते. आई म्हणते, हिच्या जिभेला हाड नाही. जिभेला हाड कुणाच्याच नसतं, असं मी तिला सांगते, मग ती लाटणं उचलते.

गॉगलचं हे वेड कुठून आलं हे सांगायला प्रोफेसर लागत नाही. सिनेमातून आलं. जीपचं दार उघडतं, आधी बूट दिसतो, मग धुरळा, मग गॉगल, आणि थेटरात शिट्ट्या. चेहरा मागाहून आला तरी चालतो. पण इतके गॉगल चिकटवल्यावर मला एक गोष्ट कळली आहे. सिनेमात काळा गॉगल घालणारा पुरुष हिरो असतो, व्हिलन असतो, नाहीतर आंधळा असतो. बाईनं घातला तर ती बहुतेक एकच असते, शहरातून आलेली शेफारलेली पोरगी. हिरो तिला चिखलात पाडतो, पब्लिक टाळ्या वाजवतं, मध्यांतरापर्यंत तिचा गॉगल जातो आणि शेवटी डोक्यावर पदर येतो. हिरोचा गॉगल मारामारीत फुटला तरी पुढच्या सीनला नवा हजर. मला ह्याचा राग येतो, आणि राग आला तरी मी तेच फ्लेक्स करत होते, हेही खरं.

आमच्या गावचे सहादेवकाका माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांना गॉगल चिकटवावा लागत नाही, त्यांचा त्यांच्याकडे असतो. झोपताना काढत असतील तर काढत असतील, मी तरी त्यांना गॉगलशिवाय पाहिलेलं नव्हतं. सगळं गाव त्यांना सरपंच म्हणतं. खऱ्या सरपंच त्यांच्या बायको आहेत, साळूबाई, माझी साळूकाकी. जागा बायकांसाठी राखीव निघाली, काकांनी काकीचा फॉर्म भरला, काकी दिवाळीनंतर निवडून आली आणि खुर्चीत काका बसले. ह्याला आमच्याकडे सरपंचपती म्हणतात, आणि म्हणताना कुणाला हसू येत नाही.

काकीचा डावा डोळा गेलेला आहे. बुबुळावर पांढरं फूल पडलंय. लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा ऊस तोडताना पात डोळ्यात घुसली. तेव्हापासून ती डोक्यावरचा पदर डाव्या बाजूनं पुढे ओढून घेते, आणि तो तसाच धरून तीस वर्षं गावात वावरते. गावाला सवय झाली आहे म्हणतात. सवय कसली, तर सकाळी कामाला निघालेला माणूस समोरून काकी आली की थबकतो, उगाच चपलेचा पट्टा नीट करतो, आणि ती गेल्यावर निघतो. हळद लावायला, ओटी भरायला तिला कुणी पुढे बोलवत नाही. पाचशे माणसांच्या पुरणपोळ्या लाटायच्या असल्या की मात्र पहिला निरोप तिला.

निवडणुकीच्या वेळी काका तिचा फोटो घेऊन दुकानात आले होते. "निकिता, तेवढं डोळ्याचं बघ," म्हणाले. मी बघितलं. काकीचा उजवा डोळा कापला, उलटा केला आणि डाव्या जागी बसवला. कडा पुसल्या, पापणीखाली थोडी सावली दिली. ह्याला तीन मिनिटं लागतात. काका खूश झाले. "आता कशी बाईमाणूस वाटती," म्हणाले. तेव्हाच मी काहीतरी बोलायला हवं होतं. एरवी मी गप्प बसणाऱ्यातली नाही, त्या दिवशी बसले. त्याची लाज मला अजून वाटते.

ह्या ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी काकी एकटी दुकानात आली. ती तालुक्याला एकटी कधी येत नाही. स्टुलावर बसली, पाणी प्यायली, आणि पदर डाव्या बाजूनं धरूनच तिनं विचारलं, "त्यो डोळा तूच बसवला ना गं?"

मी मान हलवली.

"परवा नगरला सरपंचांचं शिबिर हुतं," काकी म्हणाली. "कुठल्याशा संस्थेचं. गळ्यात अडकवायचं कार्ड हुतं, फोटूचं. ह्यांनी फ्लेक्सवरलाच फोटू धाडला हुता. दारातला मानूस एकदा कार्ड बघतो, एकदा मला बघतो. म्हनला, मावशी, ह्या मॅडम कुठं हायेत? म्हनलं, मीच हाय. तर मला हसून बाजूला उभं केलं. मागून हे आले. म्हनले, मी त्यांचा मालक, मीच सगळं बघतो. त्यांना घेतलं आत. मी चार तास भायेर बाकड्यावर, पान्याच्या जारपाशी बसले."

मी हातातला माऊस सोडला.

"तू माझ्या जागी दुसरीच बाई निवडून आनलीस, निकिता."

असं कुणी मला आजवर बोललं नव्हतं. लोक मला शिव्या देतात, उधाऱ्या बुडवतात, पण हे लागलं. "चुकलं माझं, काकी," मी म्हणाले.

"चुकलं तर नीट कर." तिनं स्टूल पुढे ओढलं. "पंधरा ऑगस्टला झेंडा मला लावायचाय. माझ्या हातानं. सव्वीस जानेवारीला ह्यांनीच लावला. म्हनले, तू उभी राहिलीस तर लोक झेंड्याकडं न्हाई, डोळ्याकडं बघत्याल. मी मागं उभी राहिले. आता न्हाई राहायची."

समोर स्क्रीनवर काकांचा पंधरा ऑगस्टचा फ्लेक्स उघडाच होता. पंधरा बाय दहा. कमरेपासून वर काका, गॉगल, मागे तिरंगा आणि वाघ दोन्ही. उजव्या कोपऱ्यात खाली तिकिटाएवढी काकी, दोन डोळ्यांची. काकी वाकून बघत राहिली. "कोन बाई हाय ही?" म्हणाली. "चांगली दिसती. पन मी न्हाई." मग सरळ झाली. "मला माझा येगळा फ्लेक्स पायजे. मी एकटी. गॉगल घालून."

खरं सांगते, मला हसू आलं. तिनं ते पाहिलं.

"हस. गावबी हसनार हाय. ह्यांनी घातला की ढाण्या वाघ, मी घातला की लई हिरॉईन झाली. न्हाई घातला तर अपशकुन. मंग मी करू काय? मुंडकं घरी ठिवून येऊ?"

मी हसणं गिळलं आणि मुकाट्यानं फोल्डर उघडलं. "ह्यातला कुठला आवडतो सांग, बसवून देते." तिनं त्रेचाळीसच्या त्रेचाळीस बघितले आणि मान हलवली. "चिकटीवलेला नको. चिकटीवलेलं लई झालं. खरा घेऊ."

दुकानाला कुलूप लावून आम्ही स्टँडसमोर गेलो. तिथे एक जण छत्रीखाली लाकडी फळीवर गॉगल टांगून बसतो. काकीला बघून त्यानं खालच्या पिशवीतून एक बाजूनं बंद असलेला, जाड हिरवट चष्मा काढला. "मावशी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का?"

"न्हाई," काकी म्हणाली. "सरपंच झालेय."

त्यानं तो चष्मा पिशवीत परत टाकला. मग लेडीज म्हणून एक फुलाफुलांचा पुढे केला. काकीनं तो हातातही घेतला नाही. फळीवर सगळ्यात वर टांगलेल्या मोठ्या काळ्या, सोनेरी काडीच्या गॉगलकडे बोट दाखवलं. "त्यो जेंट्स आहे," तो म्हणाला. "डोळं काय जेंट्स-लेडीज असत्यात का?" काकी म्हणाली. त्याच्या हातभर आरशात तिनं पदर मागे सारला, गॉगल चढवला आणि बराच वेळ स्वतःकडे बघितलं. तिला आरशात एवढा वेळ बघताना मी कधीच पाहिलेलं नव्हतं.

मग आम्ही चहा घेतला. गॉगल तिनं काढलाच नाही. बशीतला चहा फुंकत ती बोलायला लागली.

"ल्हान हुते तवा मामाच्या गावच्या जत्रंत तंबूत पिच्चर बघितला हुता. एक बाई जीप चालवीत येती, गॉगल घालून. माझं तोंड उघडंच राहिलं. मंग मधली सुट्टी झाली, शेंगा खाल्ल्या, परत येऊन बसले तर तिचा गॉगल न्हाई. मी शेवटापर्यंत वाट बघितली. आता घालंल, मंग घालंल. तिनं सैपाक केला, रडली, लगीन केलं. गॉगल काय घातला न्हाई."

"घालत नसतात, काकी," मी म्हणाले.

"दुसरं ऐक. डोळा गेला तवा डॉक्टरनं मला काळा चष्मा दिला हुता. ऊन लागू नये म्हनून. चार दिवस घातला. सासू म्हनली, सून काय तमाशाला निघाली का? मंग ह्यांनी काढून घेतला. म्हनले, दे, ठिवून देतो. म्हैन्यानं दिराच्या लग्नात बघते तर ह्यांच्याच डोळ्यावर. फोटू काढला. लोक म्हनले, सहादेव हिरो दिसतो. तवापासून उतरलाच न्हाई. त्यो फुटला, दुसरा आला, तिसरा आला. पन पयला माझा हुता." तिनं बशी खाली ठेवली. "तीस वर्सं मी मागितला न्हाई, ही माझी चूक."

दुकानाच्या बाहेरच्या भिंतीला टेकवून मी तिचा फोटो काढला. "हसू का?" तिनं विचारलं. "नको," मी म्हणाले. "बरं झालं," ती म्हणाली. फोटोला मी हात लावला नाही. सुरकुत्या तशाच, कपाळावरचं गोंदण तसंच. खाली फक्त दोन ओळी: साळूबाई सहादेव नाईकवाडे. सरपंच. ढग नाही, वाघ नाही. काकी गेल्यावर मी तो बसवलेला डोळा शोधला, त्याची फाईल पुसली आणि कचऱ्याचा डबाही रिकामा केला. काकांच्या फ्लेक्सच्या कोपऱ्यातून ती दोन डोळ्यांची बाईही काढली.

तेरा तारखेला दोन्ही रोल आले आणि काका आपला न्यायला आले. मी त्यांना दोन्ही उलगडून दाखवले. चोरून काही करायचं नव्हतं मला.

"हे काय?" काका म्हणाले.

"काकीचा फ्लेक्स."

"कुनी सांगितला करायला?"

"सरपंचांनी."

"सरपंच मी..." म्हणता म्हणता ते थांबले. मग आवाज चढवला. "बाईमानसाला गॉगल शोभतो का? गाव शेण घालंल तोंडात. काढ त्यो. डोळा बसव, आपला न्हेमीचा."

"तो डोळा मी डिलीट केला, काका. आता तो कुणालाच मिळायचा नाही."

"निकिता, आख्खा तालुका माझ्या शब्दावर तुझ्याकडं काम घिऊन येतो."

"मग शब्द परत घ्या," मी म्हणाले. मग काकीचा रोल गुंडाळून टेबलाखाली ठेवला.

काकांनी स्वतःचा रोल काखेत मारला आणि दारातून मागे वळले. "तिला सांग, गॉगल घालून झेंड्याला हात लावता येत न्हाई. आन् काढून ती चार मानसांत उभी राहायची न्हाई. मला ठावं हाय माझी बायकू. दोरी माझ्याच हातात येनार."

हे मला पटलं, म्हणूनच मी घाबरले. काकीला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं नुसतं "व्हय का?" म्हटलं आणि भाकरी उलटली. चौदा तारखेला मी आणि कडूबाईंनी, म्हणजे आमच्या वॉर्डातल्या मेंबरनी, वय सत्तर, शिडी लावून काकीचा फ्लेक्स पंचायतीच्या भिंतीवर बांधला. शिडीवर कडूबाईच चढल्या. मला वरून खाली बघितलं की गरगरतं.

पंधरा ऑगस्टला सकाळी साडेसातला पंचायतीसमोर सगळं गाव गोळा झालं. शाळेची पोरं रांगेत, बायका पिंपळाच्या पारावर, गडीमाणसं पानटपरीजवळ. भिंतीवर एका बाजूला काका आणि वाघ, दुसऱ्या बाजूला काकी. माईक यज्ञेश्वर गुरुजींकडे. ते रिटायर हेडमास्तर, पण पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीचा माईक त्यांनी अजून कुणाला दिलेला नाही. सहादेवकाका खांबापाशी उभे. कडक इस्त्री, गॉगल, आणि हातात दोरी.

काकी घरून एकटी चालत आली. पदर डोक्यावर नव्हता, खांद्यावरून घेऊन कमरेला खोचलेला. डोळ्यांवर गॉगल. टपरीवरून शिट्टी आली. "आली, आली, एंट्री झाली!" कुणीतरी ओरडलं. "म्युझिक लाव रे!" हशा पिकला. माझे कान तापले. काकी मध्येच थांबली आणि तिनं तोंड टपरीकडे वळवलं. नुसती बघत उभी राहिली. काळ्या काचेमुळे ती नेमकं कुणाकडे बघतेय ते कुणालाच कळेना, त्यामुळे प्रत्येकाला वाटलं की आपल्याकडेच. एकेक जण तंबाखू मळायला लागला. मग ती पुढे आली. गॉगल कशासाठी असतो, हे इतके गॉगल चिकटवूनही मला त्या दिवशी कळलं.

"आता सरपंचांच्या हस्ते ध्वजारोहण होईल," गुरुजी माईकमध्ये म्हणाले. नाव त्यांनी घेतलं नाही. काका दोरी घट्ट धरून उभे राहिले आणि काकी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

काका हळूच बोलले, पण माईक हातभर अंतरावर होता. सगळ्या गावानं ऐकलं. "गॉगल घालून झेंड्याला हात लावायचा नसतो. काढ, न्हाईतर मागं सर."

कुणी हललं नाही. मला वाटलं, संपलं. तीस वर्षं जिनं पदर सोडला नाही, ती एवढ्या माणसांत, सकाळच्या उन्हात, पोरासोरांसमोर डोळा कसा उघडा करणार? मनात मी काकांना नको नको ते बोलत होते आणि काकीला म्हणत होते, सरक मागे, काही बिघडत नाही, पुढच्या वेळी बघू.

काकीनं दोन्ही हात गॉगलला लावले. सिनेमात एका झटक्यात निघतो तसा निघाला नाही. काडी कानामागच्या केसांत अडकली. तिनं ती सोडवली, केस नीट केले, गॉगलच्या दोन्ही काड्या मिटल्या, आणि मान वर केली.

ऊन थेट तिच्या तोंडावर होतं. पांढरं फूल लखलखीत दिसत होतं. उन्हाची सवय नसल्यानं त्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, तेही तिनं पुसलं नाही. तिनं आधी टपरीकडे पाहिलं, मग पाराकडे, मग पोरांकडे. गडीमाणसं सवयीनं चपलांच्या पट्ट्यांकडे बघायला लागली. पण किती वेळ बघणार? चपलेचा पट्टा काय एवढा बघण्यासारखा असतो? एकेक मान वर आली. शाळेतली पोरं तर पहिल्यापासून बघतच होती. मला रडू फुटलं. मी ते दाबायचा प्रयत्नही केला नाही.

"खरं हाय तुमचं," काकी काकांना म्हणाली. माईकनं तेही उचललं. "झेंड्याफुडं गॉगल घालायचा नसतो. तुमीबी काढा."

पारावर बायकांत खसखस पिकली. काकांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी घसा खाकरला. ह्या माणसानं मला पाचवीत छड्या मारल्या होत्या, त्या सगळ्या मी त्या क्षणी माफ केल्या. "नियम सर्वांना सारखा," ते माईकमध्ये म्हणाले.

काकांनी गॉगल काढला. उन्हानं रापलेल्या चेहऱ्यावर डोळ्यांभोवती दोन फिकट गोल उमटलेले होते. लहानपणापासून मी ह्या माणसाला ओळखते, पण त्यांचे डोळे तेव्हा पहिल्यांदा पाहिले. साधे होते, बारीक, आणि घाबरलेले. मला दोन मिनिटं त्यांची दयाही आली. दोनच.

काकीनं मिटलेला गॉगल त्यांच्यापुढे धरला. "धरा," म्हणाली. "ह्या बारीला परत द्यायचा."

गावाला त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं. आणि काकांनाही कळलं, कारण त्यांचा चेहरा एकदम उतरला. एका हातात त्यांचा गॉगल होता, दुसऱ्या हातात दोरी. काकीचा घ्यायचा तर दोरी सोडावी लागणार होती. त्यांनी क्षणभर काकीच्या डोळ्याकडे पाहिलं. बहुतेक कित्येक वर्षांनी पाहिलं असेल. मग दोरी सोडली.

काकीनं ती धरली आणि ओढली. गाठ सुटेना. तिनं पाय रोवले आणि विहिरीतून भरली घागर ओढावी तसा हिसका दिला. झेंडा फडफडला, आतल्या पाकळ्या सगळ्यांच्या डोक्यांवर पडल्या. पोरांनी राष्ट्रगीत सुरू केलं. काकी झेंड्याकडे मान वर करून उभी होती, दोन्ही डोळे उघडे. काका तिच्या मागे होते, दोन हातांत दोन गॉगल, त्यामुळे सलामी देता येईना. हात मांड्यांना चिकटवून ताठ उभे राहिले.

राष्ट्रगीत संपलं तरी कुणी जागचं हललं नाही. सगळे काकांच्या हाताकडे बघत होते. काका तसेच उभे. मग त्यांनी काकीचा गॉगल आपल्या इस्त्रीच्या शर्टाच्या टोकाला पुसला. ते तिनं सांगितलं नव्हतं. दोन्ही काचा नीट पुसल्या आणि तो तिच्यापुढे धरला.

"घे," म्हणाले. "तुझा हाय."

काकीनं तो घेतला आणि डोळ्यांवर चढवला. तेवढ्यात शिट्टी वाजली, मघाच्यापेक्षा मोठी. मी टपरीकडे बघितलं, तिथे सगळे गप्प. पाराकडे बघितलं तर कडूबाई तोंडातून दोन बोटं काढून लुगड्याला पुसत होत्या.

"चला, ग्रामसभा हाय," काकी म्हणाली, आणि पंचायतीच्या पायऱ्या चढून आत गेली. काका बराच वेळ उन्हात डोळे बारीक करून झेंड्याखाली उभे होते. हातातला गॉगल घालायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.